‘हिलबिली’ म्हणजे गावंढळ का?

प्रश्न असा आलाय की ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या जुन्या अमेरिकन मालिकेवर मराठीत लिहायचंय, तर ‘हिलबिली’ला काय म्हणायचं, ‘गावंढळ’ चालेल का, आणि मुळात ही शिवी आहे का.

गावंढळ नको असं माझं मत. गावंढळ हा शब्द माणसाच्या वागण्याला लागतो, सात पिढ्या शहरात काढलेला माणूसही गावंढळ असू शकतो. हिलबिलीमध्ये आधी जागा येते, हिल म्हणजे डोंगर, आणि बिली हे विल्यमचं घरगुती नाव, म्हणजे झाला डोंगरातला कोणीतरी बंड्या. स्कॉटिश बोलीत बिलीचा अर्थ दोस्त, सोबती असाही आहे, तोही इथे बसतो. इंग्लंडच्या राजा विल्यमच्या बाजूच्या लोकांवरून हा शब्द आला अशी एक गोष्ट नेटवर जोरात फिरते पण तिला धड पुरावा कोणी दिलेला नाही, सोडून द्या. नेहमी दाखवला जाणारा जुना छापील उल्लेख १९०० सालचा, न्यूयॉर्क जर्नल या वर्तमानपत्रातला, त्यात अलाबामाच्या डोंगरातल्या गोऱ्या माणसाचं वर्णन आहे की खिशात काही नाही, मिळेल ते घालतो, मनाला येईल तसं बोलतो, मिळाली की व्हिस्की पितो आणि लहर आली की पिस्तूल झाडतो. आता यात शिवी किती आणि हेवा किती हे मला अजून कळलेलं नाही 😀

मराठीत याच्या सगळ्यात जवळचा शब्द म्हणजे ‘घाटी’. आधी नुसता घाटावरचा माणूस, मग मुंबईत त्याची शिवी झाली, आणि आता त्यातलेच काही जण ‘हो, आहोत आम्ही घाटी’ म्हणून मिरवतात. हिलबिलीचं अगदी हेच झालं. १९२५ मध्ये एका बँडने ‘द हिल बिलीज’ असं नाव घेऊन रेकॉर्ड काढली, पुढे त्या प्रकारच्या सगळ्याच गाण्यांना हिलबिली म्युझिक म्हणायला लागले, आणि १९४९ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाने आपल्या यादीत त्या गाण्यांसाठी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव आणलं. घरच्यांनी म्हटलं तर चालतं, बाहेरच्याने म्हटलं की टोचतं, अशातला शब्द. पण म्हणून भाषांतरात ‘घाटी’ वापरू नका हं, वाचणाऱ्याला लगेच सातारा-सांगली दिसायला लागेल आणि मालिकेचा नायक जेड क्लॅम्पेट बिचारा राहील बाजूला.

आता मालिका. सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९६२ ते १९७१, एकूण २७४ भाग, लिहिणारा पॉल हेनिंग, तो स्वतः अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचा. गोष्ट एवढीच की जेड शिकारीला जातो, गोळी जमिनीत लागते, तिथून तेल वर येतं, आणि हे सगळं खटलं, म्हणजे जेड, त्याची सासू ग्रॅनी, मुलगी एली मे आणि दांडगा भाचा जेथ्रो, श्रीमंत होऊन बेव्हर्ली हिल्स या बड्या लोकांच्या वस्तीतल्या हवेलीत राहायला जातं. समीक्षकांनी धुतलं पण लोकांनी पहिली दोन वर्षं ती एक नंबरला ठेवली. आणि गंमत बघा, हसू येतं ते बहुतेक वेळा शब्दांवरून. स्विमिंग पूल म्हणजे ‘सिमेंट पाँड’. बिलियर्ड्सचं टेबल म्हणजे पाहुण्यांना जेवायला घालायचं भारी टेबल, आणि त्या लांब काठ्या कशाला, तर लांब बसलेल्याकडे पातेलं सरकवायला! हे लोक बिनडोक नाहीत, माहीत नसलेल्या वस्तूला माहीत असलेलं काम देतात, आणि खरं सांगायचं तर बहुतेक भागांत मूर्ख ठरतो तो पैशाला हपापलेला बँकवाला ड्रायस्डेलच. गावंढळ न वापरण्याचं हेही एक कारण आहे, मालिकेचा रोखच उलटा पडतो.

ग्रॅनीचा एक शब्द सांगायचाच आहे, ‘विट्ल्स’, म्हणजे खाणंपिणं. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी अडाणी, चुकीचं बोलते. पण हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, उच्चार पहिल्यापासून असाच, नंतर पंडितांनी लॅटिन मूळ दाखवायला स्पेलिंगमध्ये (victuals) एक जास्तीचं ‘सी’ घुसवलं, जे आजही कोणी उच्चारत नाही. म्हणजे इथे म्हातारी बरोबर आणि स्पेलिंग आगाऊ.

शिवी आहे का, याचं उत्तर २००३ च्या सुमारास मिळालं. सीबीएसने खऱ्याखुऱ्या डोंगरी कुटुंबाला बेव्हर्ली हिल्समध्ये ठेवून रिअॅलिटी शो करायचं ठरवलं, ॲपलाचिया या अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातून एवढा विरोध झाला की तो शो आलाच नाही. कल्पित जेडवर हसणं वेगळं आणि खऱ्या माणसाला आणून हसणं वेगळं.

तर लेखात नाव म्हणून ‘हिलबिली’ तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘डोंगराकडचे लोक, थोडं हिणवून’ एवढं जोडा. ‘गावरान’ नको, तो हल्ली कौतुकाचा झालाय, ‘खेडवळ’ चालून जाईल पण त्यात डोंगर नाही. संवाद भाषांतरित करणार असाल तर मात्र हात मोकळा सोडा, सिमेंट पाँडला ‘सिमेंटचा तलाव’ लिहिलंत तर सगळी मजा गेली, ‘शिमिटाचं तळं’ लिहा.