मिठाच्या द्रावणाने जिवाणूंच्या रायबोसोमवरची प्रथिने सुटतात कशी?

रायबोसोम म्हणजे पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र, आरएनए आणि प्रथिनांचे बनलेले. त्याच्या आरएनएवर फॉस्फेटचा ऋण भार असतो आणि बहुतेक रायबोसोमी प्रथिने लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांमुळे धनभारित. हे आकर्षण त्यांना धरून ठेवणाऱ्या मुख्य बळांपैकी एक. लिथियम क्लोराइड किंवा सिझियम क्लोराइड अशा क्षाराचे (मिठाचे) तीव्र द्रावण घातले की क्षाराचे आयन मध्ये येतात, पकड ढिली होते.

पण सगळी प्रथिने एकदम सुटत नाहीत, आणि खरी गंमत इथेच आहे. सैल बसलेली आधी निघतात, बाकीची आरएनएला चिकटून गाभा म्हणून उरतात. क्षार वाढवत नेला की पुढची सुटतात. ई. कोलाय या जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागात, म्हणजे ३०एस उपघटकात, २१ प्रथिने आहेत. शास्त्रज्ञ मासायासु नोमुरांच्या प्रयोगशाळेने १९६८ मध्ये ही सुटी प्रथिने आणि त्या उपघटकातला १६एस आरएनए मिसळून तो पुन्हा चालता केला!