शो-ट्यून निवडताना आधी बघ, नाटकात ते गातंय कोण

अगं,

तुझ्या क्वायरसाठी काढलेली शो-ट्यूनची, म्हणजे इंग्रजी म्युझिकल नाटकांतल्या गाण्यांची यादी बघितली. चौदा गाणी आहेत आणि कॉन्सर्ट सव्वा तासाची, त्यात प्रमुख पाहुण्यांचं भाषण, म्हणजे निम्मी तशीही उडणार, फक्त कुठली उडवायची ते ठरवायचंय. यूट्यूबवर ऐकताना अंगावर काटा आला म्हणून घेतलीस ना सगळी? यादीवरूनच कळतंय. त्यात वाईट काही नाही, पण तो काटा बहुतेक वेळा एकट्या गायिकेनं आणलेला असतो, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा असतो, लाइट असतात, आणि तुझ्याकडे आहेत पंचवीस-तीस हौशी माणसं, ऑफिस सुटल्यावर ट्रॅफिकमधून धापा टाकत रिहर्सलला येणारी, एक पियानो आणि पियानोवर मी.

माझी चाळणी एकच आहे. नाटकात ते गाणं कोण गातं? एकटं माणूस की घोळका? घोळका असेल तर क्वायर घेऊ दे, एकटं माणूस असेल तर दहादा विचार कर.

या हिशोबानं ‘मेमरी’, ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’ आणि ‘ब्रिंग हिम होम’ आधी काढ. तिन्हीच्या क्वायर अरेंजमेंट मिळतात, भरपूर खपतातही, पण म्हणून काही ती क्वायरची गाणी होत नाहीत. ‘ब्रिंग हिम होम’ म्हणजे म्हातारा होत चाललेला एक माणूस, बाजूला झोपलेल्या तरुण पोरासाठी देवाकडे हळू आवाजात काहीतरी मागतोय, ते तीस जणांनी मागायचं कसं? आणि ‘विकेड’मधली ती हिरवी पोरगी सगळ्यांशी नातं तोडून एकटी निघते म्हणून तर ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’ उडतं, पंधरा सोप्रानो (वरच्या आवाजाच्या बायका) एकत्र उभ्या राहून एकट्या पडू शकत नाहीत. शिवाय ते बेल्ट करायचं, म्हणजे भरल्या छातीच्या आवाजात वर फेकायचं गाणं आहे, तुझ्या बायका तिथं हेड व्हॉइसमध्ये, हलक्या पातळ आवाजात जाणार, सूर गोड लागेल आणि गाण्यातला संताप निघून जाईल. आणि अशा अरेंजमेंटमध्ये बाकीच्यांना काय मिळतं ते बघ एकदा, मेलडी सोप्रानोकडे, इतरांना ऊ आणि आ. तीन-तीन पानं नुसतं ऊ. अल्टोंना, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायकांना विचार त्यांना काय वाटतं ते, पण तयारीनं विचार.

आता ठेवायची ती. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ ठेवच. लिव्हरपूलच्या फुटबॉलमुळे लोकांना माहीत असतं, पण ते मुळात 1945 च्या ‘कॅरोसेल’मधलं, रॉजर्स आणि हॅमरस्टाइनचं, आणि त्या नाटकात ते दोनदा येतं. एकदा नवरा गेलेल्या बाईला धीर द्यायला दुसरी एक बाई म्हणते, आणि अगदी शेवटी शाळेच्या ग्रॅज्युएशनला सगळं गाव म्हणतं. म्हणजे एकाकडून सगळ्यांकडे जायचा रस्ता नाटकानंच आखून दिलाय. तू अशीच अरेंजमेंट शोध, सुरुवात खाली युनिसनमध्ये, म्हणजे सगळे एकच चाल गाणारी, साधी, आणि हार्मनी शक्य तितक्या उशिरा उघडणारी. पहिल्याच ओळीत चार भाग करून शहाणपणा दाखवणारी असेल तर घेऊ नकोस. शेवटी सोप्रानो वर जाऊन लांब धरतात तिथं सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की फुगा फुटतो, म्हणून कोण कुठं श्वास घेणार ते पेन्सिलनं पानावरच लिहून ठेव.

‘सनराइज, सनसेट’ही ठेव. ‘फिडलर ऑन द रूफ’, 1964. लग्नाचा सीन आहे, आधी आईबाप म्हणतात, मग सगळेच म्हणतात, कालपर्यंत कडेवर होती ती पोरगी एवढी मोठी कधी झाली. तुझ्या प्रेक्षकांत मुलीचं लग्न लावून बसलेले किती असतील! त्यांना इंग्रजीचा एक शब्द नाही कळला तरी चालेल. मायनरमधला, उदास सुरांचा, तीन मात्रांचा वॉल्ट्झ आहे, रेंज सोपी, पुरुषांना पण खरी मेलडी मिळते. फक्त लय ओढू नकोस, पाचव्या मिनिटाला सगळं रडगाणं होऊन बसतं ते लय ओढल्यामुळेच.

आणि एक जे तुझ्या यादीत नाहीच आणि मला फार हवंय, ‘ॲस्कॉट गव्हॉट’. ‘माय फेअर लेडी’, 1956. ती गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत, कारण ज्या बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ते म्युझिकल झालं त्याच्यावरूनच पुलंनी ‘ती फुलराणी’ लिहिलं. तर हे गाणं आहे घोड्यांच्या शर्यतीला जमलेल्या उच्चभ्रू लोकांचं. समोरून घोडे धडाधडा पळतायत आणि ही मंडळी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, ताठ उभी राहून, अगदी मोजून-मापून सांगतात की आपण केवढे थरारून गेलोय. गंमत सगळी तिथंच आहे. म्हणजे हसायचं नाही, हलायचं नाही, सूर सरळ, शब्द कातरल्यासारखे. मला सांग, ज्या क्वायरला स्टेजवर हातांचं काय करायचं ते कळत नाही त्यांच्यासाठी याहून बरं काय मिळणार? सगळ्या माना एकदमच डावीकडून उजवीकडे फिरल्या पाहिजेत, तेवढीच कोरिओग्राफी. हे रिहर्सलला आरशासमोर घे, कुणीतरी एक जण हसणारच आणि तो बहुतेक टेनर, म्हणजे पुरुषांतला वरच्या आवाजाचा, असेल.

‘सीझन्स ऑफ लव्ह’बद्दल विचारलंयस. सगळेच गातात म्हणून मला त्याचा थोडा कंटाळा आहे, पण गाणं चाळणीतून आरामात जातं. ‘रेंट’, 1996, दुसऱ्या अंकाची सुरुवात, सगळे कलाकार पुढे येऊन एका ओळीत उभे राहतात आणि थेट प्रेक्षकांकडे बघून गातात, त्या घटकेला गोष्ट थांबलेली असते. म्हणूनच ते नाटकाबाहेर उचलून आणलं तरी काही तुटत नाही. अवघड आहे ते वर्षाच्या मिनिटांचा तो मोठा आकडा, पाच लाख पंचवीस हजार सहाशे, इंग्रजीत तो तीस तोंडांतून एकाच वेळी निघाला पाहिजे. आधी सुराशिवाय, नुसता बोलून घे, टाळीवर, आणि मगच पियानोवर या.

‘वन डे मोअर’चा मोह मला कळतो, ‘ले मिझराब्ल’च्या पहिल्या अंकाचा शेवट आहे, कोणाला नको असतं ते. आणि घोळकाही आहेच त्यात. पण तो घोळका म्हणजे सहा-सात पात्रं, प्रत्येक जण आपापली आधी येऊन गेलेली चाल घेऊन एकमेकांवर चढतात, आणि प्रेक्षक तोवर तासभर त्यांच्यासोबत राहिलेले असतात म्हणून त्यांना प्रत्येक धागा ऐकू येतो. तुझ्या प्रेक्षकांना ऐकू येईल तो गोंगाट. जोरदार सोलो म्हणणारे सहा जण असतील तर बोलू, नाहीतर राहू दे.

आता जरा गंभीर. तुझ्या यादीतलं नववं गाणं, ‘टुमॉरो बिलाँग्स टू मी’. अरेंजमेंट छान आहे, ऐकायला अगदी जुन्या लोकगीतासारखं, ऊन, कुरण, नदी, म्हणून घेतलंस ना? ते 1966 च्या ‘कॅबरे’मधलं आहे. आधी वेटरलोक ते निरागसपणे म्हणतात, आणि नंतर एका साखरपुड्याच्या पार्टीत तेच गाणं पाहुणे म्हणायला लागतात आणि आपल्या लक्षात येतं की हे नाझींचं गाणं आहे. ते गोड आहे ते मुद्दाम, बघणाऱ्याला आधी आवडावं आणि मग आपल्याला आवडलं याचीच भीती वाटावी म्हणून. ते लिहिणारे कॅन्डर (संगीत) आणि एब (शब्द) दोघंही ज्यू होते, आणि त्यांनी ते इतकं हुबेहूब लिहिलं की लोकांना ते खरंच जुनं जर्मन गाणं वाटलं. अख्खं नाटक करणार असशील तर अवश्य घे, पण दोन प्रेमगीतांच्या मध्ये ते नको गं. चाळणीतून जातं, पुरेपूर घोळक्याचं आहे, तरी नको. म्हणून म्हणते, कुठलंही गाणं घेण्याआधी निदान कथानक तरी वाच.

‘यू विल बी फाउंड’ही तसं फसवंच आहे, ‘डिअर इव्हान हॅन्सन’मध्ये ज्या भाषणातून ते गाणं पसरतं ते भाषणच एका खोट्यावर उभं आहे. पण तिथं मी आडवी येणार नाही, कारण एकटं पडलेल्याला दिलेला धीर त्या खोट्यातूनही खराच पोचतो. ठरव तू.

मेडली नको. आठ गाण्यांचे वीस-वीस बार, कुठलंच धड नाही आणि मध्ये दर वेळी पट्टी बदलायची. हे माझं मत आहे, तुझ्या कमिटीला मेडली फार आवडतात हे मला माहितीये.

मग अरेंजमेंट विकत घेताना. एकाच गाण्याच्या तीन-चार आवृत्त्या असतात, एसएटीबी (सोप्रानो, अल्टो, टेनर, बास असे चार भाग), एसएबी (पुरुषांचा एकच भाग), एसएसए (नुसत्या बायका). तुझ्याकडे पुरुष मोजून सहा-सात, त्यातला खरा टेनर एक आणि तोही कधी कधी नागपूरला असतो, तर एसएटीबीचा हट्ट कशाला? एसएबीमध्ये सगळे पुरुष एकच लाइन गातात आणि ती लाइन भरीव ऐकू येते. वेबसाइटवर सुरुवातीची पानं फुकट दिसतात, ती उघड आणि अल्टोची लाइन स्वतः गाऊन बघ, मग पुरुषांची. तीनच नोटांवर घुटमळत असेल तर सोड. सोप्रानो सबंध पानभर वरच राहत असतील तर त्या दुसऱ्या गाण्यापर्यंत थकतील, एखादी वरची नोट परवडते, तिथंच मुक्काम नको. आणि जरा माझ्यावर दया कर, ऑर्केस्ट्राचं सगळं पियानोत कोंबलेल्या अरेंजमेंट असतात, दोन हातांना चार हातांचं काम, त्या मला आधी दाखव. बॅकिंग ट्रॅक मात्र अजिबात नाही. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, मी थांबते.

मराठी काही घ्यायचं म्हणतेस, तर नाट्यपदं बहुतेक एकट्या गायकाची, ताना-मुरक्या त्याच्या गळ्यातल्या, त्याला कोरस लावलास की पद पण गेलं आणि कोरस पण. पण नांदी बघ ना! नांदी तर सगळे मिळूनच म्हणतात. ‘शाकुंतल’ची ‘पंचतुंड नररुंडमालधर’ किंवा ‘मानापमान’ची ‘नमन नटवरा’. तयार अरेंजमेंट शोधायच्या भानगडीत पडू नकोस, तूच बसव, फार कॉर्ड घालू नकोस, बायका-पुरुष सप्तकाच्या अंतरावर, खाली एक षड्ज धरलेला, आणि दुसरी ओळ हवी तर दोन गटांत मागेपुढे. यात परवानगीचा पण प्रश्न येत नाही, आपल्याकडे कॉपीराइट माणूस गेल्यावर 60 वर्षांपर्यंत असतो, आणि ‘शाकुंतल’चे अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, ‘मानापमान’ लिहिणारे खाडिलकर 1948 मध्ये, त्याला चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. ‘घाशीराम कोतवाल’मधलं ‘श्री गणराय नर्तन करी’ तर घोळक्यासाठीच जन्मलेलं आहे, ती ब्राह्मणांची रांग म्हणजे चालताबोलता क्वायर, पण लेखक तेंडुलकर आणि संगीतकार भास्कर चंदावरकर दोघंही अलीकडे गेले, त्यामुळे तिथं रीतसर विचारावं लागेल, आणि विचारायला वेळ लागतो, आत्ताच पत्र टाक.

सुधारलेली यादी रविवारपर्यंत पाठव.

ताई

ता. क. एक कॉपी घेऊन तीस झेरॉक्स हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, तू करू नकोस, जेवढे गाणारे तेवढ्या कॉपी घ्यायच्या असतात आणि त्याचे पैसे बजेटमध्ये हॉलच्या भाड्याच्या खाली लगेच लिही. आणि टोप्या, छत्र्या घालून, मधले संवाद म्हणून सीन करायचा विचार असेल (‘ॲस्कॉट’ला होणार, मला माहितीये), तर ते नुसतं कॉन्सर्टमधलं गाणं राहत नाही, नाटकाच्या प्रयोगाचे हक्क लागतात आणि ते वेगळे मागावे लागतात. काळे कपडे आणि ताठ माना, तेवढंच कर.