‘गुळगुळीत’ की ‘घाटदार’?

नाशिकहून एका शिक्षकांनी विचारलं आहे: ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवायचं सॉफ्टवेअर शिकवताना ‘कर्व्ह स्मूथ करा’ हे मराठीत कसं सांगावं? ‘वक्ररेषा गुळगुळीत करा’ म्हटलं की मुलं ‘शेड स्मूथ’ दाबून मोकळी होतात.

मुलांचं काही चुकत नाही, शब्दच तिकडे नेतो. गुळगुळीत असतो तो पृष्ठभाग: गोटा, फरशी, टक्कल. हात फिरवून कळणारा गुण आहे तो. ‘शेड स्मूथ’ही तेवढंच करतं. छटा एकसंध दिसते, पण बाह्यरेषा जागची हलत नाही; कडेवर पाहिलं की पैलू तसेच.

रेषेला हवा तो घाट. नाशिककरांना या शब्दावर आधी गोदाघाट किंवा कसारा आठवेल, पण तांब्या-पितळेच्या भांड्यांचं हे गाव. ‘तांब्याचा घाट सुरेख आहे’ हे वाक्य तिथे परकं नाही.

तांब्याच करायला द्या. बेझियर कर्व्ह म्हणजे बिंदूंमधून जाणारी वक्ररेषा; प्रत्येक बिंदूच्या दोन बाजूंच्या दांड्या, म्हणजे हँडलं, तिचं वळण ठरवतात. तिच्यावर पाचच बिंदू: तळाचा मध्य, तळाची कड, पोट, गळा, काठ. पोट सर्वांत रुंद आणि गळा सर्वांत अरुंद, म्हणून दोन्हींची हँडलं अगदी उभी हवीत. जरा कलली की पोट वर किंवा खाली ओघळतं. हँडलाची लांबी शेजारच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश. तळाच्या कडेला कोपरा हवा, तिथे व्ही ही कळ दाबून हँडलाचा प्रकार ‘व्हेक्टर’ निवडा. मध्येच टेंगूळ आलं तर नवा बिंदू घालू नका, असलेला काढा. टेंगळं बहुतेक वेळा जास्तीच्या बिंदूंचीच असतात.

मग स्क्रू मॉडिफायर: तो ही रेषा अक्षाभोवती फिरवून भांडं उभं करतो. इथे एक हमखास फसगत: नवा कर्व्ह आडवा पडलेला असतो. तो ऑब्जेक्ट मोडमध्ये (अख्खी वस्तू हलवतात तिथे) उभा केला तर अक्षही सोबत फिरतो आणि तांब्याऐवजी चपटी तबकडी मिळते. एडिट मोडमध्येच (आतले बिंदू हलवतात तिथे) एक्स अक्षाभोवती ९० अंश फिरवा. तळाचा मध्य अक्षावरच हवा, नाहीतर बुडाला भोक. वरून काठ सोळा बाजूंचा दिसला तर मॉडिफायरमधल्या ‘स्टेप्स’ १६वरून ४८ करा. बाजूने पोट तुटक दिसलं तर कर्व्हचं ‘रेझोल्यूशन’ १२च्या पुढे न्या.

तेव्हा ‘शेड स्मूथ’ला ‘छटा गुळगुळीत करा’ आणि कर्व्हसाठी ‘घाट नीट करा’, ‘घाट आणा’. अक्षरांचे फॉन्ट शिकवत असाल तर ‘वळण’ अधिक शोभेल. ‘घाट घाला’ मात्र नको. तो लग्नाचा घालतात.