धर्मगुरूंवर ऑनलाइन उपहासात्मक लिहिल्याबद्दल खरंच कोणाला तुरुंगवास झालाय का?

हो, झालाय. सौदी अरेबियातले ब्लॉगर रईफ बदावी. त्यांचा एक लेख मला विशेष आठवतो. खगोलशास्त्रज्ञांमुळे शरियतबद्दल शंका निर्माण होतात, असं एक धर्मोपदेशक टीव्हीवर म्हणाला. त्यावर बदावींनी लिहिलं की नासाने आता दुर्बिणी बाजूला ठेवाव्यात आणि आमच्या 'शरियत खगोलतज्ज्ञां'कडे शिकायला यावं! धार्मिक पोलिसांनाही त्यांनी असेच चिमटे काढले होते.

2012 मध्ये अटक झाली. आधी 7 वर्षं आणि 600 फटके अशी शिक्षा, मग 2014 मध्ये ती वाढवून 10 वर्षं, 1000 फटके आणि 10 लाख रियाल दंड. 9 जानेवारी 2015 रोजी जेद्दामध्ये मशिदीसमोर, भर गर्दीत, त्यातले 50 फटके मारले गेले. जगभर संताप उसळला. उरलेले पुढे ढकलले गेले ते कायमचेच. त्यांचे वकील वलीद अबुलखैर यांनाही 15 वर्षांची शिक्षा झाली, हे तर मला त्याहून भयंकर वाटतं.

मार्च 2022 मध्ये बदावी सुटले, पण 10 वर्षं देशाबाहेर जायला बंदी. बायको आणि तिन्ही मुलं कॅनडात आहेत, म्हणजे शिक्षा त्या मुलांनाही झालीच ना?