ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा, तिच्या मुलींपैकी एकट्या क्रिस्टीनालाच मनाजोगतं लग्न कसं करता आलं? नशीब की हट्ट?

दोन्ही नाही. लाडकी होती म्हणून. जन्म १३ मेचा, आईच्याच पंचविसाव्या वाढदिवसाचा. त्यातून वडलांना आपल्या बहिणीचा मुलगा जावई करून घ्यायचा होता, ते १७६५ च्या ऑगस्टमध्ये गेले. पुढच्या एप्रिलमध्ये, घरात सुतक असताना, आईने तिचं तिला हव्या असलेल्या अल्बर्टशी लग्न लावून दिलं आणि वर टेशनची जहागीर दिली.

'हट्ट' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी बहिणी टूरबरोबर व्हिएन्नाला गेलो होतो. ऑगस्टिनियन चर्चमध्ये क्रिस्टीनाचं स्मारक आहे, कानोव्हाने घडवलेलं. पांढरा पिरॅमिड, मधोमध काळोखं दार, आणि अस्थिकलश घेतलेली बाई त्यात शिरतेय. मागे एक म्हातारा, त्याचा दंड धरून चाललेली एक बाई. दगडी कापडाच्या चुण्यासुद्धा खऱ्या वाटतात. वर अल्बर्टने कोरून घेतलंय, 'सर्वोत्तम पत्नीस'. (आत कोणी नाही, ती पुरलीय कापुचिन साधूंच्या चर्चच्या तळघरात.) धाकटी डोळे पुसत म्हणाली, "बघ ताई, मागितलं की मिळतं. तू मागितलंच नाहीस."

मागितलं नाही? सांगलीत, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी अण्णांसमोर उभी राहून नाव सांगितलं होतं. मुलगा आमच्यातला नव्हता, कापडदुकानात हिशेब लिहायचा. अण्णांनी कप बशीत ठेवला. "तुझ्यामागे धाकटी आहे," एवढंच बोलले. सहा वर्षांनी त्याच धाकटीने परजातीतला, बिननोकरीचा मुलगा आणला. तोवर अण्णा नव्हते. आईने पाटल्या मोडून त्यांच्या फ्लॅटचे पैसे भरले!

म्हणून तिला तिथेच, त्या दारासमोर, पाटल्यांचं बोलून दाखवलं आणि क्रिस्टीनाच्या धाकट्या बहिणीची, अमालियाची गोष्ट ऐकवली. अमालियाने मागितलं होतं. तिला त्स्वाइब्र्युकन या छोट्या जर्मन संस्थानाचा चार्ल्स हवा होता. तो म्हणे तोलामोलाचा नाही. अहो, त्याला पुढे गादी तरी मिळायची होती, १७७५ मध्ये मिळालीही. अल्बर्ट सॅक्सनीचा धाकट्यांतला, त्याला कसली गादी? १७६९ मध्ये अमालियाला इटलीतल्या परमाच्या ड्यूककडे, फर्डिनांडकडे पाठवलं, तिच्याहून पाच वर्षांनी लहान. तिने दोन वर्षांत तिथला मुख्य मंत्री घालवला आणि आईचं एक ऐकलं नाही. छान केलं.

बाकीच्या बहिणींचं काय सांगायचं. जोसेफा नेपल्सला जायच्या बेतात असताना १६ व्या वर्षी देवीने गेली, तर तिच्या जागी कॅरोलिना. एलिझाबेथचा चेहरा देवीने गेला, मग तिच्या लग्नाचं नावच नाही. फ्रान्सची राणी झालेल्या मारी आंत्वानेतचं सगळ्यांना माहीत आहे.

आता एवढं खरं की फ्रान्स, स्पेन, नेपल्स, परमा, सगळीकडे बूर्बों घराण्याचं राज्य, आणि मारिया तेरेसाला ती सोयरीक टिकवायची होती. आमच्या अण्णांना सांगलीत कोणाशी तह करायचा होता, देव जाणे. माझा नवरा चांगला आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही.

तुमच्या घरी दोन मुली असतील तर थोरलीला जो नियम लावाल तोच धाकटीला लावा, नाहीतर आधी थोरलीची माफी मागा. धाकटी त्या दिवशी चर्चमधून बाहेर आल्यावर म्हणाली, "पाटल्यांचं तुला कोणी सांगितलं?"