पान वाचून होतं पण डोक्यात काहीच शिरत नाही

"वाचतेय पण डोक्यात काहीच जात नाहीये" ही तक्रार घेऊन पूर्वी माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, दहावी-बारावीची पोरं यायची, हल्ली चाळीशी-पन्नाशीतली माणसं जास्त येतात आणि त्यांची भीती वेगळी असते. पोरांना नापास व्हायचं टेन्शन, मोठ्यांना वाटतं आपलं डोकंच गेलं. अशाच एका ताईंबद्दल लिहितेय, त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

ताई डोंबिवलीच्या, वय ४६, बँकेत क्लार्क. इतकी वर्षं संसारात गेली, आता ऑफिसरच्या प्रमोशनची परीक्षा देऊया म्हणून पुस्तकं आणली, आणि रात्री जेवणं-भांडी आटपून वाचायला बसल्या की एकच पान तीन-तीनदा वाचायचं, शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत वरचं सगळं कोरं. लायब्ररीतली कादंबरी एका रात्रीत संपवणारी बाई ही! त्यात आईला अल्झायमर होता, शेवटी शेवटी आई यांनाच ओळखायची नाही. म्हणजे मनात काय चाललं असेल बघा. ऑफिसमध्ये कुणी सांगितलं रील्स बघून मेंदू सडतो, नणंदेने ब्राह्मीच्या गोळ्या आणून दिल्या, आणि नेटवर शोधायला गेल्या तर अजूनच घाबरल्या.

मी आधी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघून घ्यायचं, झोप कशी आहे विचारायचं, आणि बायकांमध्ये पाळी जायच्या आसपासच्या वर्षांत डोकं जड, विसरल्यासारखं वाटणं खूप कॉमन आहे तेही डॉक्टरांशी बोलायचं, यात लाजायचं काही नाही. ताईंचं बी-१२ जरा कमी निघालं, गोळ्या चालू झाल्या, स्मरणशक्तीची तपासणी मात्र व्यवस्थित आली. तरी पान कोरं ते कोरंच.

मग मी विचारलं, वाचताना नेमकं होतं काय? म्हणाल्या, "मॅडम, डोळे बरोबर चालू असतात, एक ओळ सोडत नाही, पण मी तिथे नसतेच."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. आपल्याला वाटतं वाचन म्हणजे एकच काम, पण तसं नाहीये. ज्याला वाचायची सवय आहे त्याचा मेंदू अक्षरं आपोआप ओळखतो, दुकानाची पाटी दिसली की ती न वाचणं आपल्या हातातच नसतं. 'हिरवा' हा शब्द लाल शाईत लिहून शाईचा रंग विचारला की भलेभले अडखळतात, हा स्ट्रूपचा प्रयोग १९३५ पासून लोक करतायत. मेंदूच्या डाव्या बाजूला मागे खालच्या अंगाला शब्द ओळखणारा एक भाग असतो, तो आपलं मन भाजीच्या हिशोबात असलं तरी बऱ्यापैकी काम करत राहतो. पण हे वाक्य मागच्या वाक्याला जोडणं, त्यातून अर्थ लावणं, तो लक्षात ठेवण्यासारखा करणं, हे लक्ष दिल्याशिवाय होत नाही. म्हणून डोळे पानाच्या तळाला पोचतात आणि आपण मधेच कुठेतरी उतरलेलो असतो.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजक्याच लोकांना एक अख्खी कादंबरी कॉम्प्युटरवर वाचायला देऊन त्यांचे डोळे कसे फिरतात ते टिपलं होतं. मन भरकटलेलं असताना नजर प्रत्येक शब्दावर जास्त वेळ रेंगाळत होती, पण एरवी अनोळखी, अवघड शब्दाला आपण जसे जास्त थांबतो तो फरक कमी झाला होता, म्हणजे सोपं काय अवघड काय सगळं सारखंच. शिवाय मन गेलंय हे बऱ्याचदा वाचणाऱ्याला स्वतःला कळतच नाही. मग २०१२ मध्ये साहित्याच्या अभ्यासक नॅटली फिलिप्स यांनी स्टॅनफर्डमध्ये साहित्यात पीएचडी करणाऱ्यांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून एक प्रकरण वाचायला दिलं, काही भाग सहज मजेसाठी आणि काही भाग परीक्षेला बसल्यासारखा बारकाईने. (गंमत म्हणजे दोन्ही प्रयोगांत कादंबरी जेन ऑस्टिनचीच.) त्यांना वाटलं होतं फक्त लक्षाशी संबंधित भागांत फरक दिसेल, पण बारकाईने वाचताना रक्तपुरवठा मेंदूत कितीतरी ठिकाणी वाढला, स्पर्श आणि हालचालींशी संबंधित भागांतसुद्धा. अभ्यास छोटा, निष्कर्ष प्राथमिक, त्यामुळे मी हे "विज्ञानाने सिद्ध झालंय" असं ठोकून सांगत नाही. पण डोळे तेच, मजकूर त्याच पुस्तकातला, आणि नुसत्या हेतूने मेंदूचं काम बदलतं हे ऐकून ताई सरळ होऊन बसल्या. कारण जे आत गेलंच नाही ते विसरलो असं म्हणताच येत नाही ना.

आता लक्ष जात कुठे होतं? फोन तर किचनमध्ये चार्जिंगला असायचा. मी त्यांना माझ्यासमोरच पुस्तकाचं एक पान वाचायला लावलं, हातात पेन्सिल, मन गेलंय असं जाणवलं की समासात टिक करायची आणि एक शब्द लिहायचा. मला वाटलं डबा, मुलीचे क्लास असलं काहीतरी येईल. समासात होतं "राहिलं का", "विसरले", "आई", परत "राहिलं का". म्हणजे लक्षात राहिलं का अशी बाई दर दोन ओळींनी स्वतःचीच परीक्षा घेत होत्या, आणि मन त्या तपासणीतच गुंतलेलं, मग एनपीएचे, म्हणजे थकलेल्या कर्जांचे, नियम वाचणार कोण! माझ्या मते मेंदू सडतो वगैरे बोलणाऱ्यांनी रील्सपेक्षा जास्त नुकसान केलंय.

उपाय साधेच होते. पुस्तक उघडायच्या आधी एक प्रश्न कागदावर लिहायचा, उदाहरणार्थ कर्ज एनपीए कधी धरतात, आणि फक्त त्याचं उत्तर शोधायला वाचायचं (हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की). परिच्छेद झाला की पुस्तक मिटून ते आपल्या शब्दांत मोठ्याने सांगायचं, मुलगी नसेल तर भिंतीला. तेच पान परत परत वाचायचं नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवून बघणारे आठवड्याभराने पुढे असतात. रात्रीचं वाचन बंद केलं, पहाटे पाणी यायच्या आधी थोडाच वेळ बसायचं ठरलं. आणि आईबद्दल आम्ही वेगळं बोललो, खरं तर जास्त सेशन्स त्यातच गेले, आणि ते जायलाच हवे होते.

वाचताना मन जाणं वेगळं आणि रोजचा रस्ता चुकणं, पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणं, एकच प्रश्न परत परत विचारणं आणि विचारल्याचं आठवतच नसणं हे वेगळं. असं काही असेल, किंवा घरच्यांना आपल्याआधी जाणवत असेल, तर माझ्यासारख्या समुपदेशकाकडे वेळ घालवू नका, थेट न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

ताईंचं वाचन आता बरंच बरं चाललंय, अजूनही मन जातं पण पान संपायच्या आत लक्षात येतं. मध्यंतरी त्यांनी विचारलं की कादंबरीलाही असे प्रश्न काढायचे का. मी म्हटलं अजिबात नको, ती वाचताना मन जिथे जाईल तिथे जाऊ द्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, परवा चाळीस पानं वाचली आणि त्यात दोनदा माहेरी रत्नागिरीला जाऊन आले."