सोसायटीत गरम पाणी, पंप, लिफ्ट यांचं लाईट बिल मेंटेनन्समध्ये समान वाटलं जातं. फ्लॅटवार मीटर लावले तर वीज खरंच वाचेल का?

गरम पाण्यावर वाचेल. लिफ्टवर नाही, पंपावर अगदी थोडी.

लिफ्टचं सोडून द्या. आठव्या मजल्यावरचा माणूस बिल वेगळं आलं म्हणून जिने चढणार नाही. पंपाचा हिशोब मात्र करून बघा. हजार लिटर पाणी तीस मीटर वर चढवायला, पंपाची नासाडी धरूनही, साधारण 0.2 युनिट लागतं. घरात रोज सहाशे लिटर पाणी लागत असेल तर महिन्याला चारच्या आत युनिट. पाण्याला मीटर लावायचे तर ते टँकरच्या खर्चासाठी लावा, विजेसाठी नको. टाकी ओसंडून वाहू नये एवढं बघितलं तरी पंपाचं काम झालं.

आता गरम पाणी. वीस लिटरची बादली 25 अंशांवरून 45 वर न्यायला जवळजवळ अर्धं युनिट जातं. चौघांच्या घरात रोज दोन युनिट, महिन्याला साठ. पुण्यात अनेक इमारतींच्या गच्चीवर पाणी तापवणारं सोलर आहे, आणि पावसाळ्यात ऊन नसलं की टाकीतली विजेवरची बॅकअप कॉइल चालते. ती कॉमन मीटरवर असेल तर तिचं बिल कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. सकाळी खालच्या मजल्यावर नळ सोडला की आधी पाइपातलं गार पाणी येतं, ते मोरीत वाहून जातं. मग गरम येतं आणि नळ तसाच चालू राहतो. याच माणसाच्या घरात स्वतःचा गीझर असता तर आतून हाक आली असती, "गीझर बंद केला का?" सोलरच्या कॉइलसाठी अशी हाक मी कुठल्याच घरात ऐकलेली नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: कॉइल कॉमन मीटरवरून काढा. सोलरचं पाणी प्रत्येकाच्या गीझरमधून घ्या आणि सोलरला कमी पडेल तेवढी उष्णता ज्याच्या त्याच्या मीटरवर जाऊ द्या. गरम पाण्याला फ्लॅटवार मीटर हाही मार्ग आहे, पण जुन्या इमारतींत प्रत्येक बाथरूमला वेगळा पाइप उतरतो, मग एका फ्लॅटला दोन-तीन मीटर लागतात.

मीटर लावलेच तरी सगळं बिल वापरावर टाकू नका. जर्मनीत 1981 पासून सामायिक हीटिंगच्या खर्चाचा 50 ते 70 टक्के भाग वापरानुसार आणि उरलेला घराच्या क्षेत्रफळासारख्या ठरावीक मापाने वाटण्याचा नियम आहे. टाकीतून आणि पाइपातून उष्णता जातेच, मग तुम्ही नळ उघडा वा न उघडा. आपल्याकडे आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, लिफ्टचा खर्च समान आणि पाण्याचा नळांच्या संख्येवर व आकारावर धरतात, त्यामुळे वाटपाची पद्धत बदलायची तर आधी सर्वसाधारण सभेत विषय घ्यावा लागेल.

भाड्याच्या फ्लॅटांत मीटरचा उपयोग अर्धाच होतो. गीझर आणि एसी मालक निवडतो, बिल भाडेकरू भरतो, मग स्वस्तातला एक स्टारवाला बसतो. भाडेकरू असाल तर करार करण्याआधी स्टार बघून घ्या.

कमिटीकडे जाण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून कॉइलच्या लाइनवर एक सबमीटर बसवून घ्या आणि जुलै-ऑगस्टचं रीडिंग सभेत ठेवा.